वाद्य थोरले, खिसा धाकटा

संगीताचे इतिहास मी हौसेने वाचतो. त्यांत राजे असतात, राजगायक असतात, घराण्यांच्या वंशावळी असतात. भर दरबारात कुणी कुणाला हरवले आणि कुणी कुणाचा गंडा बांधला, याची साग्रसंगीत वर्णने असतात. एक गोष्ट मात्र त्यांत सहसा सापडत नाही. वाजवणाऱ्याच्या हातात जे वाद्य आहे त्याला पैसे किती पडले, आणि ते कुणी मोजले? मास्तरकी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सर्वांत आधी सुचावा यात नवल नाही. महिनाअखेरीचा हिशेब जुळवण्यात ज्याची हयात गेली, त्याला सम्राटाच्या दरबारातही आधी खजिनदारच दिसतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला जे वाद्य सापडले, ते गजाने वाजणाऱ्या नेहमीच्या तंतुवाद्यांत आकाराने थोरले आहे. त्याचे नाव डबल बेस. वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल, पण नाव ठाऊक नसेल. विलायती वाद्यवृंदात एका कडेला माणसाएवढे, किंवा माणसाहून चार बोटे उंचच, असे व्हायोलिनसारखे दिसणारे धूड उभे असते, आणि वाजवणारा त्याला आलिंगन दिल्यासारखा त्याच्यामागे उभा राहतो किंवा उंच स्टुलावर टेकतो. तेच हे. तारा चार, आणि एकेका तारेची वाजणारी लांबी सुमारे साडेतीन फूट. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते; म्हणजे तो स्वर कानाने ऐकावा की पोटाने, असा संभ्रम पडावा इतका तो खर्जाचा. ‘डबल’ हे नाव कशावरून पडले म्हणाल, तर पूर्वी चेलो नावाच्या वाद्यासाठी जी ओळ लिहिलेली असे, तीच ओळ हे वाद्य एक सप्तक खाली, दुपटीने गंभीर करून वाजवी.

आपल्याकडच्या तंबोऱ्याशी त्याचे नाते लावायचा मोह मला नेहमी होतो. दोघांचे काम वेगळे, पण नशीब सारखे. मैफलीत तंबोऱ्याला कुणी ‘वाहवा’ म्हणत नाही. पण तो मध्येच थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीन सरकते. डबल बेसचे तसेच. जुन्या हिंदी चित्रपटांतले एखादे नाचरे गाणे लावा आणि गळ्याकडे, बासरीकडे, व्हायोलिनांच्या ताफ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून अगदी तळाशी कान लावा. तिथे ‘धुम्, धुम्’ असा कुणीतरी पावले मोजीत चाललेला असतो. इतकी वर्षे तो तिथे होता आणि आपण त्याला ओळखही दिली नव्हती!

आता पैशांची गोष्ट. हे वाद्य महाग का? एक तर लाकूड फार लागते. समोरची तबकडी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, पाठ आणि बाजू मेपलच्या. चांगल्या वाद्यात समोरची तबकडी जाड फळीतून कोरून, घुमटासारखी फुगीर काढायची असते. मधोमध जाड, कडांना पातळ, आणि ती कुठे किती ठेवायची हे कारागिराच्या बोटांना ठाऊक. व्हायोलिनला जेवढी फळी लागते तेवढी इथे उतरलेल्या ढलप्यांतच निघून जाते. शिवाय तारा. पूर्वी त्या मेंढीच्या आतड्याच्या असत आणि खालच्या स्वरासाठी इतक्या जाड पिळाव्या लागत की त्या वाजवणे म्हणजे होडीचा दोर ओढणे. सतराव्या शतकात, १६६० च्या सुमारास, तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली आणि हे वाद्य थोडे तरी माणसाच्या आवाक्यात आले. तरीही पुष्कळ ठिकाणी तीनच तारा लावीत. चौथीचा खर्च आणि चौथीचे कष्ट, दोन्ही वाचत.

इतके महाग आणि इतके अवजड वाद्य सामान्य वादकाच्या घरी असण्याची गरज नसे. ते चर्चचे असे, मठाचे असे, नाटकगृहाचे असे. वादक यायचा, वाजवायचा आणि घरी जायचा. व्हेनिसचा डोमेनिको ड्रॅगोनेट्टी (१७६३ ते १८४६) हा या वाद्याचा पहिला जगप्रसिद्ध वादक. त्याच्या हाती जे वाद्य आले, ते गास्पारो दा सालो या सोळाव्या शतकातल्या कारागिराच्या नावाने ओळखले जाते आणि ते व्हिचेंझा गावच्या एका मठातून आले होते. १७९४ मध्ये ड्रॅगोनेट्टी लंडनला गेला आणि अखेरपर्यंत तिथलाच झाला. वाटेत १७९९ च्या सुमारास व्हिएन्नात त्याने बीथोवेनबरोबर, चेलोसाठी लिहिलेली एक रचना आपल्या या धुडावर वाजवून दाखवली. बीथोवेन पियानोवर होता. रचना संपताच त्याने उठून वादकाला वाद्यासकट मिठी मारली, अशी हकीकत सांगतात. खरी असो वा नसो, तेवढे लांब हात लागतात हे खरे. या ड्रॅगोनेट्टीला बाहुल्या जमवण्याचा नाद होता आणि त्याचा कुत्राही नाटकगृहात त्याच्याबरोबर येत असे. मरताना त्याने आपले आवडते वाद्य व्हेनिसच्या सेंट मार्कच्या चर्चला देऊन टाकले. मठातून आलेले वाद्य पुन्हा देवाच्या दारी गेले.

परंतु ज्याची गोष्ट मला फार जवळची वाटते, तो ड्रॅगोनेट्टी नव्हे. तो जोव्हान्नी बोत्तेसिनी. १८२१ साली इटलीतल्या क्रेमा गावी त्याचा जन्म. बाप क्लॅरिनेट वाजवी. घरी संगीत होते, पैसा नव्हता. मुलाने व्हायोलिनवर हात बसवला होता. १८३५ मध्ये मिलानच्या संगीतशाळेत घालावे म्हणून बापाने चौकशी केली, तर शिष्यवृत्तीच्या दोनच जागा शिल्लक होत्या: एक बसूनची आणि एक डबल बेसची. बाकीच्या सगळ्या भरल्या होत्या. मी शाळेत आहे. प्रवेशाच्या दिवसांत दारात उभे राहणारे असे बाप मी पाहिले आहेत. ‘सायन्सला जागा नाही, मग काय आहे?’ असे विचारणारा आवाज मला ओळखीचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलाने काही आठवड्यांत डबल बेसची तयारी केली, परीक्षा दिली आणि जागा मिळवली.

चार वर्षांनी, १८३९ मध्ये, तो शाळेतून बाहेर पडला तेव्हा एकल वादनासाठी त्याला तीनशे फ्रँकांचे बक्षीस मिळाले होते. त्या पैशांच्या आधारावर त्याने स्वतःचे वाद्य घेतले. मिलानच्याच कार्लो अँटोनियो टेस्टोरे या कारागिराने १७१६ साली केलेले, म्हणजे तेव्हाच सव्वाशे वर्षांचे जुने. ते एका कठपुतळ्यांच्या नाटकगृहात अडगळीखाली पडले होते, अशी दंतकथा आहे. टेस्टोरे मंडळी ही इटलीतली पहिल्या पंक्तीची श्रीमंती नव्हे. क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारीची गिऱ्हाइके राजेरजवाडे. मिलानच्या टेस्टोरेंची गिऱ्हाइके पोटासाठी वाजवणारे वादक. त्यांच्या कामात पुष्कळदा नक्षीला फाटा दिलेला असतो, पाठीला साधे लाकूड वापरलेले असते. जिथे आवाजाचा संबंध नाही तिथे मेहनत वाचवायची, हा त्यांचा बाणा. बोत्तेसिनीने नाव घेतले नाही, आवाज घेतला.

त्या तीन तारांच्या वाद्यावर तो जगभर हिंडला. १८४६ मध्ये अटलांटिक ओलांडून हवानाला गेला. लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग सगळे झाले. ऑपेरा चालवायला उभा राहिला की मध्यंतरात स्वतःच वाद्य घेऊन यायचा आणि त्याच ऑपेरातल्या चालींवर असे काही वाजवायचा, की लोक त्याला डबल बेसचा पागानिनी म्हणू लागले. व्हर्डीचा ‘आयदा’ हा ऑपेरा २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोमध्ये प्रथम रंगमंचावर आला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन याच बोत्तेसिनीने केले. १८८९ मध्ये तो पार्मा येथे वारला. तिथल्या संगीतशाळेचे प्रमुखपद व्हर्डीच्याच शिफारशीने त्याला मिळाले होते. उरलेल्या जागेवर बसलेल्या मुलाची ही वाटचाल.

असेच दुसरे उदाहरण रशियातले. सर्ज कूसेविट्स्की, जन्म १८७४, गरीब ज्यू कुटुंबातला. चौदाव्या वर्षी तो मॉस्कोला आला. ज्यूंना त्या शहरात राहण्याची मोकळीक नव्हती. त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागला. पैसा तर नव्हताच. संगीतशाळेत शिष्यवृत्ती होती ती ट्रॉम्बोन, हॉर्न किंवा डबल बेस शिकणाऱ्यालाच. त्याने डबल बेस उचलला. पुढे त्याने चहाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले आणि त्या चहाच्या पैशांवर वाद्यवृंद उभा करून तो संचालक झाला. १९२४ पासून १९४९ पर्यंत अमेरिकेतला बोस्टनचा प्रसिद्ध वाद्यवृंद त्याच्या हाताखाली होता. चहाचा आणि या वाद्याचा काहीतरी ऋणानुबंध असावा. तो पुढे आणखी एकदा दिसेल.

या कूसेविट्स्कीच्या वाद्याची एक उपकथा आहे. ते १६११ सालचे, इटलीतल्या अमाती घराण्याचे, असे सगळे मानीत. त्याच्या विधवेने ते गॅरी कार या तरुण अमेरिकन वादकाला १९६२ मध्ये त्याची मैफल ऐकल्यावर देऊन टाकले. काही दशके कारने ते जगभर वाजवले आणि ऐकणाऱ्यांनी अमातीचा आवाज म्हणून माना डोलावल्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या लाकडातली वर्षावलये मोजली. झाड दर वर्षी एक वलय धरते, आणि ओल्या-कोरड्या वर्षांप्रमाणे त्यांची जाडी कमीजास्त होते. त्यावरून साल काढता येते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत शेवटचे वलय निघाले १७६१ सालचे. म्हणजे १६११ मध्ये ते झाड जंगलात उभे होते! अमातीचा त्याच्याशी काही संबंध असणे शक्य नव्हते. आता सांगा, त्या काळात ज्यांनी माना डोलावल्या त्यांचे कान खोटे होते काय? मला तसे वाटत नाही. वाद्य उत्तमच होते. खोटे होते ते नाव, आणि बाजारात किंमत नावाची होते.

एकोणिसाव्या शतकात युरोपात वाद्यवृंद वाढले, गावोगावी बँड निघाले, शाळांतून संगीत आले. मठांची आणि राजांची वाद्ये पुरणार कुठून? ती गरज भागवली जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताने. मार्कनॉयकिर्शेन हे गाव, त्याच्या आसपासची खेडी आणि सरहद्दीपलीकडचे बोहेमियातले शोनबाख, या टापूत घरोघरी व्हायोलिने आणि त्यांची थोरली भावंडे तयार होत. एकाच कारागिराने अथपासून इतिपर्यंत वाद्य करायचे, ही रीत तिथे मोडली. एका घरी फक्त माना कोरायच्या, दुसऱ्या घरी पाठी, तिसऱ्या घरी गज, चौथ्याकडे रोगण. आपल्याकडे विड्यांचा कारखानदार घरोघर पाने आणि तंबाखू पोचवतो आणि संध्याकाळी मोजून विड्या घेऊन जातो, तोच प्रकार. व्यापाऱ्याने सुटे भाग गोळा करायचे, जुळवायचे आणि निर्यात करायचे. अमेरिकेला इतका माल जाऊ लागला की १८९३ मध्ये त्या एवढ्याशा गावात अमेरिकेच्या वकिलातीचे कार्यालय उघडले आणि १९१६ पर्यंत ते चालले. व्यापाऱ्यांच्या हवेल्या उठल्या. माना कोरणाऱ्यांच्या घरी काय उठले, ते वेगळे सांगायला नको.

या मालाला पंडित लोक नाक मुरडीत. त्यातला काही भिकार होता हे खरेच. पण बेताच्या ऐपतीच्या माणसाला स्वतःचे म्हणता येईल असे मोठे तंतुवाद्य मिळू लागले ते याच खेड्यांमुळे, हेही तितकेच खरे. आणि काळ कसा उलटतो पाहा: ती शंभर वर्षांची ‘बाजारू’ जर्मन वाद्ये, ज्यांच्या फळ्या चांगल्या जाड आणि सांधे शाबूत राहिले आहेत, आज वादक शोधून शोधून विकत घेतात.

तिकडे अमेरिकेत ज्यांची ऐपत बेताचीसुद्धा नव्हती, त्यांनी काय केले? लुइझियानातल्या एका मळ्यावर वाढलेला ‘पॉप्स’ फॉस्टर (१८९२ ते १९६९) हा पुढे जॅझमधला नामांकित बेसवादक झाला. त्याचे पहिले वाद्य त्याच्या भावाने पिठाच्या पिंपाचे केले होते. पिंपाला भोक पाडून त्यातून लाकडाचा दांडा घातला, तो खाली ठोकला, आणि सुतळीच्या तारा ओढल्या. गज वाकवलेल्या फांदीचा. सुतळीला मेण आणि राळ चोळायची आणि वाजवायचे. ज्यांना तेवढेही जमले नाही त्यांनी धुण्याचे पत्र्याचे घमेले उपडे घातले, त्याला एक काठी आणि एक दोरी लावली आणि काठी मागेपुढे झुकवून स्वर चढवला-उतरवला. हसण्यावारी नेऊ नका. वासुदेवाच्या, गोंधळ्याच्या, तुणतुणेवाल्याच्या महाराष्ट्राला हे हसू शोभणार नाही. आपले तुणतुणे तरी काय? एक पोकळ नळकांडे, तळाला कातडे, एक दांडा आणि एक तार.

मधल्या वर्गासाठी खरी युक्ती निघाली ती प्लायवुडची. लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे सरसाने चिकटवायचे, साच्यात दाबायचे आणि फुगीर आकार द्यायचा. कोरण्याचे कामच नाही. शिकागोच्या के नावाच्या कंपनीने १९३७ च्या सुमारास असे डबल बेस मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. मंदीचा काळ होता. शाळांना, नाचघरांतल्या बँडांना, रात्री एका गावी तर सकाळी दुसऱ्या गावी जाणाऱ्या वादकांना ते परवडले. मोटारीच्या टपावर बांधा, शाळेच्या व्यायामशाळेत ठेवा, पोरांनी लाथ मारली तरी फुटत नाही. (त्याआधी कुणी कुणी अॅल्युमिनियमचेही डबल बेस करून पाहिले होते. ते फुटत नसत हे खरे, पण पोचे पडत, आणि थंडीत त्यांना मिठी मारणे ही शिक्षा असावी.) कोरलेल्या वाद्याइतका गज प्लायवुडवर बोलत नाही, हे सगळे जाणकार सांगतात. परंतु बोटांनी तार छेडून वाजवायची असेल, तर तो थोडा बोथट, ठाम ‘धुम्’ काहींना उलट जास्त आवडतो. एल्विस प्रेस्लेच्या आरंभीच्या तबकड्यांत बिल ब्लॅकने जो डबल बेस वाजवला, तो के कंपनीचाच होता.

आता चहा. इंग्लंडमध्ये १९५६-५७ च्या सुमारास पोरासोरांत स्किफल नावाच्या संगीताचे वेड पसरले. स्वस्त गिटार, कपडे धुण्याची खरबरीत फळी, आणि डबल बेसच्या जागी चहाची पेटी. आसामातून, सिलोनातून चहा ज्या पातळ प्लायवुडच्या पेट्यांत भरून विलायतेला जाई, ती पेटी उपडी घालायची, झाडूचा दांडा आणि एक दोरी लावायची. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या एका चर्चच्या जत्रेत अशीच चहाची पेटी घेऊन शाळकरी पोरांचा एक ताफा वाजवीत होता. त्यात जॉन लेनन होता, आणि त्या दिवशी पॉल मॅकार्टनी त्याला प्रथम भेटला. चार वर्षांनी, १९६१ मध्ये, हँबर्गला असताना मॅकार्टनीने बेस घेतला तो विजेवर चालणारा, हॉफनर कंपनीचा, व्हायोलिनच्या आकाराचा. घेतला तो मुख्यतः स्वस्त म्हणून, सुमारे तीस पौंडांना. ही हॉफनर कंपनी मूळची कुठली? शोनबाखची! दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना देशोधडीला लावण्यात आले, आणि ते बव्हेरियात बुबेनरॉइट गावी पुन्हा उभे राहिले. पुढे पैसा आल्यावर याच मॅकार्टनीकडे बिल ब्लॅकचा तो जुना प्लायवुडचा डबल बेस आला. त्याच्या पत्नीने तो मिळवून त्याला भेट दिला.

अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये विजेची बेस गिटार बाजारात आणली तेव्हाच थोरल्याचे दिवस भरले असे पुष्कळांना वाटले. काखोटीला मारून नेता येणारे वाद्य सोडून हे लोढणे कोण ओढणार? १९६० नंतरच्या दशकाअखेर के कंपनीने आपला डबल बेसचा व्यवसाय दुसऱ्याला विकला. तरी वाद्य मेले नाही.

आपल्या बाजूला हे वाद्य आले ते गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज भाषेत रबेका म्हणजे व्हायोलिन आणि रबेकांव म्हणजे थोरला व्हायोलिन. गोव्यातल्या चर्चच्या पाठशाळांत मेस्त्री नावाचे शिक्षक मुलांना स्वरलिपी आणि वाद्ये शिकवीत, आणि लेंटच्या काळातल्या भक्तिगीतांना रबेकांवची साथ असे. त्या शाळांतून तयार झालेली माणसे पोटासाठी मुंबईला आली. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा अमेरिकन निग्रो वादक आपला जॅझचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या पोरांनी कान टवकारले. पुढे हीच मंडळी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे आता थोडीफार माहीत झाली आहेत. आपल्या रामचंद्र चितळकरांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ची झिंग आठवते त्यांना चिक चॉकलेटही आठवावा. तळाशी ‘धुम् धुम्’ करणाऱ्यांची नावे मात्र तबकडीवर कधी आली नाहीत.

त्याच १९३५ साली मेहली मेहतांनी मुंबईचा सिंफनी वाद्यवृंद काढला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला, झुबीन. १९५४ मध्ये, डॉक्टरकीचा नाद सोडून, अठरा वर्षांचा झुबीन व्हिएन्नाला संचालन शिकायला गेला, आणि तिथे त्याने हातात वाद्य घेतले ते डबल बेसच. महिन्याला ७५ डॉलरांत तो तिथे राहत होता.

हे सारे पुराण मी वाचीत बसलो त्याला एक निमित्त होते. वसईकडचा माझा एक जुना विद्यार्थी हॉटेलांतून बेस गिटार वाजवतो. थोरल्या वाद्याचे त्याला वेड लागले. चार वर्षांत त्याने एक लाख दहा हजार रुपये साठवले होते, आणि वडील म्हणत होते की एवढ्यात चांगली नवी स्कूटर येते. दोघेही माझ्याकडे आले. वडील मी त्याला समजवावे म्हणून, आणि तो मी वडिलांना समजवावे म्हणून. मास्तराच्या नशिबी हे असतेच. मला वाद्य वाजवता येत नाही, पण पाहता येते आणि विचारता येते. आम्ही धोबीतलावाच्या बाजूला हिंडलो, एका वृद्ध दुरुस्तीवाल्याकडे तीन दुपारी बसलो.

त्यांनी आम्हांला जे शिकवले ते असे. एका ठिकाणी चकचकीत रोगणाचा, नक्षीदार, ‘संपूर्ण कोरीव’ म्हणून नवा डबल बेस नेमका आमच्या रकमेत मिळत होता. पोराचे डोळे त्याच्यावर. म्हाताऱ्याने आरसा आणि छोटा दिवा आत घालून पाहिले आणि मान हलवली. या किमतीत कोरीव काम द्यायचे तर लाकूड पुरते वाळवलेले नसणार. आणि कोकणचा पावसाळा चार महिन्यांचा. ओले लाकूड फुगते, हिवाळ्यात आकसते, आणि आतल्या आधारपट्टीच्या रेषेत तबकडीला चीर जाते. सांधा उघडला तर भिऊ नये, ते म्हणाले. जुने कारागीर सरस मुद्दाम कमजोर ठेवीत, म्हणजे ताण आला की सांधा सुटावा आणि फळी वाचावी. सुटलेला सांधा तासाभरात चिकटतो. पण चीर ती चीर. शिवाय बोटे ठेवायची पट्टी आबनुसाची हवी. या चकचकीत वाद्याची पट्टी नखाने कोपऱ्यात खरवडताच काळ्या रंगाखालून पांढरे, मऊ लाकूड दिसले. मानेचा बुंधा धडाला नीट बसलेला आहे ना, हे पाहायचे, कारण सगळ्या तारांचा ताण तिथे येतो. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे सोलवटतात आणि नवशिका सहा महिन्यांत वाद्य कोपऱ्यात लावतो. घोडी घासून तारा खाली आणणे, पट्टी सपाट करणे, या कामाला पैसे लागतात. तेव्हा खिशातले सगळे पैसे वाद्यावर उधळू नयेत. चांगल्या तारांचा एक संच आणि गज यांचेही बाजूला काढून ठेवावेत.

हे ऐकताना मला मिरजेचे तंबोरे करणारे आठवले. तिथेही भोपळा निवडण्यात, जवारी लावण्यातच खरे कसब. वरची हस्तिदंती नक्षी (आता ती प्लास्टिकची असते) गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. २०२४ मध्ये त्या मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

शेवटी आम्ही घेतला तो एका निवृत्त वादकाचा प्लायवुडचा जुना डबल बेस. त्याच्या बरगडीला ठिगळ होते, रोगण जागोजागी उडालेले, पण मान सरळ आणि पट्टी अस्सल आबनुसाची. साठ हजाराला ठरला. दहा हजार तारांना, गजाला आणि म्हाताऱ्याच्या हातकामाला गेले. उरलेले चाळीस वडिलांच्या हाती ठेवले, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा निवळला.

टेंपोतून वसईला नेताना खड्ड्यांत कुठेतरी आतून ‘टक्’ असा आवाज आला. घरी पोचून तार छेडली, तर स्वर आंधळा झालेला. पोरगा पांढराफटक पडला. मोडले काहीच नव्हते. या वाद्याच्या पोटात, घोडीच्या पायाजवळ, पुढची आणि मागची फळी यांच्यामध्ये एक लाकडाची काडी नुसती दाबून उभी केलेली असते; ना सरस, ना खिळा. ती पडली होती. इटालियन लोक त्या काडीला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा. पडलेला आत्मा तळाशी खुळखुळत होता. दुसऱ्या रविवारी म्हातारबुवा लोकलने आले, एफ अक्षरासारख्या छिद्रातून एक वाकडी सळई आत घातली, पाऊण तास एक डोळा मिटून काहीतरी ढोसत राहिले, आणि मग म्हणाले, ‘वाजव.’

सर्वांत खालच्या तारेवर गज पडला तेव्हा फडताळातल्या कपबशा थरथरल्या. त्याच्या आईने आतून विचारले, ‘काय रे पडले?’